बत्त्यावाचून खल

मित्रांनो, मी एक जुना दगडी खल आहे. एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून कोरले आणि उरलेल्या तुकड्यातून माझा बत्ता घडवला. आम्हा दोघांना एका नव्या नवरीने घरी आणले. तीच माझी मालकीण.

मालक जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसे काढणाऱ्या कारखान्यात कामाला होते. संध्याकाळी घरी येत, तेव्हा त्यांच्या भुवयांवरसुद्धा करडी धूळ असे. पोटात कळा येत. हात असे थरथरत, की कपातला चहा बशीत सांडे.

वर्षे गेली, पण घरात पाळणा हलला नाही. मालकांची आत्या येताजाता मालकिणीला टोमणे मारी. शेवटी दोघांच्या तपासण्या झाल्या. मालकांच्या अंगात शिसे मुरले होते. त्यानेच बाप होण्याची त्यांची ताकद खाल्ली होती.  त्या दिवसापासून आत्याचे टोमणे बंद झाले.

मग कुणीतरी मालकिणीला सांगितले, की शेवग्याचा पाला आणि लसूण शिसे उतरवतात. झाले! रोज सकाळी तिचा हात, बत्ता आणि मी. मालक तो हिरवा गोळा तोंड वाकडे करून गिळत आणि म्हणत, "चव घाणेरडी, पण गुण येतोय बरं का!" माझा ऊर भरून येई.

त्या गुणाच्या भरवशावर मालक निर्धास्त झाले. मालकीण म्हणायची, "सोडा ते काम." ते माझ्याकडे बोट दाखवायचे. "औषध चालू आहे ना? मग कशाला घाबरतेस?"

पुढच्या तपासणीत शिसे वाढलेलेच निघाले. घरी येऊन मालकिणीने मला स्वच्छ धुतले.

"अहो, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ऐकलंत ना? पाल्याचा थोडा फायदा उंदरांवर दिसलाय, माणसांचं अजून नक्की नाही. आधी त्या कारखान्याच्या धुरातून बाहेर पडा, म्हणाल्या. तुम्ही रोज शिसं घेऊन यायचं आणि मी कुटत बसायचं, हे आता माझ्याच्यानं होणार नाही."

"मग मूल?" मालकांनी हळूच विचारले.

"मला आधी तुम्ही हवे आहात."

मालकांनी कारखाना सोडला. आता ते बेकरीचे पाव दुकानांत पोहोचवतात. डॉक्टरीणबाईंचे उपचार झाले, हाताची थरथर गेली. मूल मात्र झाले नाही.

शेजारणीने दार अडवायला बत्ता मागितला, तो मालकिणीने देऊन टाकला. भिंतीपलीकडे तो फरशीवर घासला, की मी कान देऊन ऐकतो. मोरीजवळ माझ्यात पाणी साचते आणि सुकते. मालकीण माझ्याकडे बघायचे टाळते. मला पाहून तिला पाला कुटण्यात वाया गेलेल्या त्या सकाळी आठवत असतील.

मित्रांनो, तुमच्या घरचे कुणी अशा धुरात राबत असेल, तर माझ्या भरवशावर त्यांना तिथे ठेवू नका. हाताला धरून बाहेर आणा. मग मला कुणी हात लावला नाही तरी चालेल.