गिरणातली कात्री

पंच्याण्णव सालची दिवाळी. तुमच्या आबांना लघवीतून रक्त जायचं. धुळ्याला त्यांना त्या गोल मशिनीत निजवलं, श्वास धरायला सांगितला, अन् आबा नेमके खोकलले.

डॉक्टरांनी काळी फिल्म उजेडावर धरली. "मावशी, ही मूत्राशयाची भिंत. गाठ भिंतीच्या आतच असली तर दुर्बिणीतून खरवडून काढू. बाहेर गेली असली तर अख्खं मूत्राशय काढून पोटाला पिशवी लावावी लागेल. हे बाहेर बोटभर पांढुरकं दिसतं ना, त्याचीच शंका आहे. फिल्म घेऊन सोमवारी या."

शिंदखेड्याच्या एस.टी.त आबा एवढंच बोलले, "पिशवी बांधीसन मी जगाव नही."

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या सकाळी सूर्याला गिरण लागलं. उजेड राखेसारखा झाला. कोंबड्या खुराड्यात शिरल्या. शेजारचा भाईदास दारात आला. "अक्का, ती फिल्म दे ना, सूर्य देखू."

"आधी माझ्या नवऱ्याचं पाहू दे."

गिरणात पोटुशीनं भाजी चिरली तर पोटातल्या लेकराचा ओठ चिरतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटलं, बाहेर कापलेलं पोटात कापलं जात असेल, तर हे बरंच आहे की. कात्री घेतली.

सून वच्छलानं माझा हात धरला. "जीजी, गिरण शे. कापू नको."

"म्हणीसन तं कापस," म्हटलं, म्हणूनच तर कापते.

फिल्मवरच्या भिंतीला धक्का न लावता बाहेरचं तेवढं बोटभर पांढुरकं कापलं. त्याच वेळी आतल्या खोलीतून आबा म्हणाले, "कोणी गार लोखंड लावलं वं मला?"

आत कोणीच नव्हतं.

सोमवारी डॉक्टरांनी फिल्ममधल्या भोकातून माझ्याकडे पाहिलं. "हे काय?"

"उंदीर."

"नेमकं एवढंच खाल्लं?"

"शिकलेला असेल."

पुन्हा फोटो काढला. या खेपेला आबा खोकलले नाहीत. भिंतीबाहेर काहीच नव्हतं. गाठ भिंतीत सरळ रेघेवर संपलेली, पट्टी ठेवून कापल्यासारखी. डॉक्टरांनी दोन्ही फिल्मा शेजारी-शेजारी धरल्या. "आधी खोकल्यानं हललं असेल," म्हणाले. मीही म्हटलं, असेल.

गाठ दुर्बिणीतून खरवडली. पिशवी लागली नाही. आबा पुढे अकरा वर्षं माझ्या भाकरीला नावं ठेवत जगले.

तो कापलेला तुकडा मी पानाच्या डब्यात चुन्याखाली ठेवला. तेव्हा बोटभर होता. आता डब्याचं झाकण बसत नाही, दोरीनं बांधते.

पान हवं तर मागा, मी लावून देईन. दोरी तुम्ही सोडू नका.