मामांनी तोंड मिटलं

लग्न होऊन डोंगरकड्यात आल्यापासून शिवकन्येच्या हातचं जेवण सासरे दगडोबा बोटं चाटून खायचे. पण पोळा झाला आणि त्यांचं काहीतरी बिनसलं. वांग्याची भाजी तशीच बाजूला सरकवायची, ताकात भाकर कुस्करून चार घास गिळायचे, तोंडावर उपरणं धरून उठायचं. बोलणंही तुटलं. विचारलं की नुसती मान हलवायचे.

शिवकन्येनं तिखट कमी केलं, मग तेल कमी केलं. तरी ताट भरलेलंच परत आलं तेव्हा तिला रडू फुटलं.

"मामाला माझ्या हातचं गोड लागून न्हाई राहिलं," ती नवऱ्याला म्हणाली. "चुकलं असंल तर तोंडावर सांगा म्हणावं."

"बाबाचा स्वभावच तसा," वैजनाथ म्हणाला आणि शेतात निघून गेला.

एका सकाळी ती शेण काढायला गोठ्यात गेली, तर दारात उजेडाकडं तोंड करून दगडोबा छोट्या आरशात स्वतःची जीभ बघत होते. जिभेवर, पार आत घशापर्यंत, दह्याच्या गुठळ्यांसारखे पांढरे डाग होते.

"अगं बाई! मामा, हे काय झालं?"

आरसा लगेच खिशात गेला. मग लपवण्यात काही अर्थ उरला नाही हे उमजून ते गव्हाणीच्या कडेला टेकले.

"भागवतला असाच पांढरा डाग आला होता," ते हळू म्हणाले.

भागवत म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. तोंडाच्या कॅन्सरनं गेला. त्याला अग्नी देऊन आल्यावर दगडोबांनी तंबाखूची डबी उकिरड्यावर फेकली ती कायमची.

"शेवटी त्याला पाणीबी गिळता येत नव्हतं. म्या पाहिलं हाय पोरी. म्हटलं, सोयाबीन घरात येऊ द्यावं, मंग सांगू."

"काहून लपवलं हो? आन् म्या समजून राहिले, भाजी आवडत न्हाई!"

"भाजी चांगलीच असती. पर जिभेला झोंबती, निखारा ठेवल्यावाणी."

शिवकन्येला हायसं वाटलं, आणि अशा वेळी हायसं वाटल्याची लाजही वाटली. "उठा. कपडे बदला," एवढंच ती म्हणाली.

जीपनं दोघं कळमनुरीच्या दवाखान्यात गेली. वाटेत दगडोबा बाहेरच्या केळीच्या बागांकडं बघत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून घसा पाहिला, गालांच्या आतून बोट फिरवलं, मान चाचपली. मग कापसाच्या बोळ्यानं जीभ पुसली. पांढरा थर निघून आला, खाली लालभडक कातडी दिसली.

"साखरेचा त्रास आहे का?" त्यांनी बोटातलं रक्त घेऊन तिथंच तपासलं. साखर बरोबर होती. "कवळी? इतक्यात कुठल्या गोळ्या घेतल्या?"

"गोळ्या न्हाईत. दम्याचा पंप तेवढा ओढतो, सकाळ-संध्याकाळ."

"ओढल्यावर चूळ भरता?"

दगडोबा गोंधळले. "चूळ? ती कशाला? हा तंबाखूचा, कॅन्सरचा डाग न्हाई का?"

"पंपातलं औषध तोंडात बसून राहतं, त्यानं ही बुरशी वाढते. तंबाखूचा डाग असा सहसा पुसून निघत नाही. पंप बंद करू नका. दर वेळी चूळ भरून थुंकायचं. हे औषध तोंडात घोळवा आणि पंधरा दिवसांनी दाखवा. डाग राहिलाच तर पुढची तपासणी करू."

दगडोबांनी कॅन्सरचं पुन्हा एकदा विचारलं, आणि डॉक्टरीणबाईंनी तेच पुन्हा शांतपणे सांगितलं. बाहेर आल्यावर दगडोबा पायरीवर बसले, त्यांनी उपरण्यात तोंड लपवलं. त्यांचे खांदे हलत होते. शिवकन्या शेजारी बसून राहिली. एक जीप गेली, तिनं जाऊ दिली.

दुसऱ्यांदा दाखवायला गेले तोवर जीभ स्वच्छ झाली होती. परतल्यावर दगडोबा घरात न शिरता थेट शेजारच्या रूपाबाईच्या ओट्यावर गेले. तीही पंप ओढायची.

"रूपाबाई, आधी जीभ दाखव," ते म्हणाले.

"खूळ लागलं का तुमाला या वयात?"

"लागू दे. पर चूळ भरती का न्हाई, ते सांग."

घराच्या दारात उभ्या शिवकन्येला हसू आवरेना. दगडोबा मात्र ओट्यावर बैठक मारून बसले आणि रूपाबाईला सगळं पहिल्यापासून सांगू लागले.