मास्टरचे हात

कपड्यांच्या धंद्यात प्रसिद्धी हे वेगळं काम असतं, हे लोकांना धाकटीनेच शिकवलं. तिच्याआधी शिंपी शिवायचे, गिऱ्हाईक घालायचं, मधे कुणी तोंड घालत नसे. धाकटीने घातलं. वर्तमानपत्रांचे जिने झिजवले, संपादकांना भंडावून सोडलं आणि एका बऱ्यापैकी शिंप्याचा दहा वर्षांत जगप्रसिद्ध ‘मास्टर’ करून दाखवला.

खरं तर मास्टर नुसताच गोडबोल्या. कापड बेतायची ती धाकटीची सख्खी बहीण, थोरली, मागच्या खोलीत बसून. पण मागच्या खोलीतल्या बाईची बातमी होत नाही, असं धाकटीचं ठाम मत होतं, आणि तिच्या मतापुढे कुणाचं काही चालत नसे.

एकदा फोटोग्राफर आला आणि मास्टरला कात्री धड धरता येईना. धाकटीने थोरलीला पुढे बसवलं, फक्त हातांचा फोटो घ्यायला लावला. थोरली पडली डावखुरी, मास्टर उजवा. उगाच कुणी शंका काढायला नको, म्हणून धाकटीने फोटो आरशातल्यासारखा उलटा छापून घेतला, निगेटिव्ह जाळायला लावली आणि खाली ओळ टाकली : ‘मास्टरचे हात’. फोटो देशोदेशी गेला.

“बरं झालं, हातांना तोंड नसतं,” थोरली तेव्हा हसून म्हणाली होती.

आता मास्टर वारला होता आणि एका मोठ्या संग्रहालयात त्याच्या कपड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. थोरली अंथरुणाला खिळलेली. बारीक कामापायी डोळे गेलेले, उजेड-अंधार तेवढा कळायचा. जन्मात काही मागितलं नव्हतं तिने, ते आता मागितलं.

“एकदा माझं नाव छापून येऊ दे गं. डॉक्टर आडून आडून बोलतात, पण मला कळतं. फार दिवस नाहीत.”

धाकटी संग्रहालयात गेली. दारातच तो फोटो भिंतभर लावला होता.

“हे माझ्या बहिणीचे हात आहेत. डावखुरी आहे ती,” तिने तिथल्या अधिकाऱ्याला सांगितलं.

“तुमची बहीण डावखुरी म्हणालात ना? इथे तर कात्री उजव्या हातात आहे.”

“फोटो उलटा छापलाय. मीच छापायला लावला.”

“मग निगेटिव्ह दाखवा.”

ती तर धाकटीनेच जाळायला लावली होती. तिथून ती तडक एका संपादकाकडे गेली. त्याला या धंद्यात बोट धरून तिनेच चालवलेलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि टाळी वाजवली.

“कमाल आहे तुमची! सत्तरी उलटली तरी काय एकेक गोष्ट काढता!”

“अरे, शपथेवर सांगते.”

“तेव्हाही शपथेवरच सांगायचात की हो.” तो प्रेमानेच म्हणाला. “बघतो, कुठे बसवता येतंय का.”

रविवारी पानभर लेख आला. धाकटीने तो उभ्याउभ्याच तीनदा वाचला. मास्टरचं बालपण, मास्टरची दृष्टी, मास्टरचे हात. थोरलीबद्दल एक अक्षर नाही. तिला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

“आलं का गं?” थोरलीने पलंगावरून विचारलं. तिला कागदाचा आवाज कळला होता.

“आलं ना, ताई.”

“मग वाच की.”

धाकटी खुर्ची ओढून बसली आणि वाचू लागली. मागच्या खोलीबद्दल, आडव्या कापडावर न आखता चालणाऱ्या कात्रीबद्दल, खांद्याच्या त्या घडीबद्दल, जी जगात दुसऱ्या कुणाला जमली नाही. त्यातलं काहीच पानावर नव्हतं आणि सगळं खरं होतं. आयुष्यभर तिने खोटं छापून आणलं होतं. खरं मात्र तिला असं तोंडाने, एकटीपुरतं वाचावं लागत होतं. दोनदा ती खोकल्याचं निमित्त करून थांबली.

थोरली डोळे मिटून ऐकत होती. मग तिने डावा हात पुढे केला.

“माझं नाव कुठेशी आहे? बोट ठेव माझं त्याच्यावर.”

पानावर ठळक असं एकच नाव होतं. धाकटीने बहिणीचा हात धरला आणि तिचं बोट मास्टरच्या नावावर ठेवलं. थोरलीने ते या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवलं.

“इथपासून इथपर्यंत?” ती म्हणाली. “केवढं मोठं छापलंय गं!”