पाण्याच्या बाजूने बोलणाऱ्या बाई

खिडकीची कडी खट्कन बसली की वर्गातला उजेड एका अंगाने मालवल्यासारखा होई, आणि आम्हांला कळे, रेगे मॅडम आल्या. गगनबावड्याकडून आडवा येणारा आषाढातला वारा, आवारातल्या मोरांचे केकारव, ओल्या गवताचा गंध, हे सारे त्यांच्या लेखी व्यत्ययच. एकेक खिडकी त्या स्वतः लावीत आणि शेवटची लागली की फळ्याकडे वळून, आमच्याकडे पाठ ठेवूनच बोलू लागत. स्वर वैशाखातल्या नदीपात्रासारखा: तळाचा दगडन्‌दगड स्पष्ट दिसावा आणि ओल कुठेच लागू नये.

मी आजऱ्याची. आई काजूच्या कारखान्यात बिया सोलते. टरफलाच्या तेलाने तिची बोटं कायमची काळवंडली आहेत. नागरी धोरण हा विषय मी घेतला तो नगररचनेत नोकरी मिळावी म्हणून, आणि हे सांगताना मला कधी संकोच वाटला नाही. शाहूपुरीत मामाच्या दुकानावरच्या खोलीत राहायचं, खालून येणाऱ्या गुळाच्या वासात वाचायचं, आणि सकाळी विद्यापीठाच्या टेकडीवर जायचं. मोठ्या शहरांतल्या मोठ्या समित्यांवर काम करून आलेल्या रेगे मॅडमना मात्र आमची नावं उच्चारण्याचाच कंटाळा होता. त्या आम्हांला तालुक्याने हाक मारीत.

"आजरा, ऊठ. पूररेषा म्हणजे काय?"

मी सांगे. एक शब्द चुकत नसे.

"पाठ केलंयस. कळलेलं नाही."

तेव्हा त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ उमटे. ती हसण्याची नसे आणि रागाचीही नसे. नको असलेली वस्तू बाजूला सारताना हाताला जो निर्विकार झोक येतो, तोच त्या रेघेत असे. पहिलं सत्र संपता संपता मी त्या बाईंचा मनापासून द्वेष करू लागले होते.

प्रबंधिकेसाठी मी ओढ्याकाठची एक वस्ती निवडली. तिथं शकीलाचाची राहायच्या. जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवून देण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. अर्धं शहर त्यांच्या टाक्यांखाली झोपत असेल. दारात उन्हाचा एक पट्टा येई, त्यात पाय पसरून त्या शिवत बसत आणि सुई न थांबवता माझ्याशी बोलत. एकदा पाहणीसाठी मॅडम माझ्याबरोबर आल्या. चाचींनी वाकळ झटकून बसायला टाकली, चहा पुढे केला. मॅडम उभ्याच राहिल्या. त्यांची नजर भिंतीवरच्या ओलीच्या खुणेवर गेली आणि तिथंच खिळली.

"किती वर्षं पाणी येतंय घरात?" त्यांनी विचारलं.

"येतंय की. येतंय आन जातंय," चाची म्हणाल्या. "आमी बी साळंत जातो, परत येतो. तुमी बसा तरी, पावणं! उभ्यानं काय कळतंय?"

"इथून हलावं लागेल तुम्हाला."

सुई थांबली. "ह्ये सांगायला आलासा व्हय? मग च्या कशाला थंड केलासा?"

 परतताना मला त्यांच्या शेजारून चालण्याचीही लाज वाटत होती.

मी लिहिलं ते असं, की घरांची जोती उंच करावीत, पाणी चढण्याआधी वस्ती रिकामी करायची पक्की व्यवस्था असावी, आणि माणसांना त्यांच्या कामाच्या जागेपासून तोडू नये. मॅडमनी ती पानं टेबलावर माझ्याकडे सरकवली.

"हे धोरण नाही. ही भावकी आहे," त्या म्हणाल्या. "पाणी कुणाची सोयरीक बघत नाही."

पुढे त्या वस्तीच्या स्थलांतरावर जाहीर सुनावणी झाली. व्यासपीठावर तज्ज्ञ म्हणून रेगे मॅडम होत्या, सभागृहात ओढ्याकाठची माणसं, आणि त्यांच्यात मी. मॅडम बोलल्या त्या नेहमीसारख्याच, निर्दोष आणि निष्ठुर. त्यांचं संपताच मी उठले. पहिलं वाक्य मला स्वतःलाच ऐकू आलं नाही. पण मग आवाज सापडला. पाण्यापासून वाचवलेल्या माणसानं पोट कुठं भरायचं, हे आराखड्यात कुठं आहे, असं मी विचारलं. मागून कुणीतरी ओरडलं, "बरोबर हाय की! सांगा म्हणावं!"

मॅडमनी चष्मा काढला, शांतपणे माझ्याकडे पाहिलं.

"आपलं नाव?"

दोन वर्षं मी त्यांच्यासमोर बसत होते. "सविता चौगुले," मी म्हणाले, "तुमचीच विद्यार्थिनी." त्यांनी मान किंचित हलवली आणि अध्यक्षांना म्हणाल्या, "पुढचा प्रश्न घ्या."

वस्ती उठली. शहराबाहेर, माळावर बांधलेल्या इमारतींत लोकांना घरं मिळाली. आणि त्याच पावसाळ्यात ओढा फुगला. नदीचं पाणी उलटं शिरलं ते कधी नव्हे इतकं चढलं, रातोरात चढलं. चाचींच्या जुन्या घराची जागा गढूळ, मुक्या पाण्याखाली गेली. तिथं कुणी असतं, तर शाळेपर्यंत पोचलं नसतं. पाणी ओसरल्यावर मॅडम मला विभागाच्या जिन्यात भेटल्या.

"पाणी पाहिलंस?"

"पाहिलं. चाचींचं घर पाहिलंत?"

त्या उत्तर न देता वर गेल्या. मी मात्र माळावर जाऊन आले होते. वरच्या मजल्यावर चाची खिडकीशी बसल्या होत्या. हातात सुई नव्हती. "हितं पानी न्हाय," त्या म्हणाल्या, "आन मानूस बी न्हाय. कोन येतंय एवढ्या लांब वाकळ शिवायला? जीव ऱ्हायला, त्येचं काय करू सांग."

प्रबंधिकेला मला उत्तीर्ण होण्यापुरते गुण मिळाले. शिफारस मी मागितली नाही, त्यांनी देऊ केली नाही. नगररचनेची परीक्षा देऊन एका लहान गावाच्या नगरपरिषदेत मी लागले. आजही आराखड्यावर रेषा ओढताना उजव्या हाताला त्या बाई उभ्या असतात आणि डाव्या हाताला चाची, आणि माझी रेषा दोघींनाही पसंत पडत नाही.

यंदा उन्हाळ्यात रेगे मॅडम गेल्या. शोकसभेला मी गेले नाही. जे बोलले असते ते तिथं शोभलं नसतं. पाण्याबद्दल त्या खऱ्या ठरल्या, हे मी कुणालाही सांगेन. तरी माझा राग तसाच आहे, फक्त आता त्याला जायला दार उरलेलं नाही. काळ माणसाला घेऊन जातो आणि त्याच्याशी चाललेलं भांडण आपल्या हवाली करून जातो; मग आयुष्यभर आपण एकट्यानेच दोन्ही बाजूंनी बोलत राहतो, आणि गेलेलं माणूस, जिवंतपणी होतं तसंच, उत्तर न देता वर निघून जातं.