खिंडीचं गाणं मी पुसलं

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. दोन रिळांचा, पेटीएवढा, आणि उचलताना कंबर धरेल इतका जड. ओतोसावा गावच्या शाळेत, नकाशांच्या खोलीत, मी आता पडून असतो. माझा पट्टा तुटला आहे. मुलं येऊन माझी बटणं दाबतात आणि हसत निघून जातात. पण मला तुम्हाला एक चूक सांगायची आहे.

मला या गावात हारुए नावाच्या सुनेने आणलं, ते तिच्या सासऱ्यांचं गाणं टिपायला. या तोकुझो आजोबांनी चाळीस वर्षं घोड्यांवर मीठ लादून खिंड ओलांडली होती. खिंडीला नऊ वळणं आणि त्यांच्या गाण्याला नऊ कडवी. ज्या वळणावर जे दिसे, ते त्या कडव्यात. पुढे डोंगरातून बोगदा निघाला, घोडी विकली गेली, वाटेवर बांबू माजला. आजोबांचा मुलगा एइजी त्याच बोगद्यातून ट्रक चालवायचा. गाणं तेवढं आजोबांच्या गळ्यात उरलं होतं. गवत कापताना हारुए ते त्यांच्या मागोमाग गुणगुणायची. तीन कडवी तिला येऊ लागली होती.

मी आलो त्या दिवशी आजोबा चुलीपाशी बसले आणि त्यांचा आवाजच फुटेना.

"सूनबाई, बसून कसं गं गाऊ? हे चालायचं गाणं आहे. हातात दोर तरी दे."

हारुएने गोठ्यातून जुना दोर आणला. आजोबा तो धरून चुलीभोवती फेऱ्या घालू लागले आणि माइक घेऊन हारुए त्यांच्या मागे.

दारातून एइजी हसला. "घोडी गेली, वाट गेली, आणि बाबा अजून घरातल्या घरात खिंड चढताहेत!"

"तुझा ट्रक गातो का रे?" आजोबा म्हणाले. "नुसता ठसकतो. जा, हातपाय धू."

मग ते गायले.

"तिसऱ्या वळणी धुकं गं दाट, गावचा धूर की ढगाची वाट?
थांब गं घोडी, श्वास घे जरा, इथून दिसतो आईचा घाट..."

त्यांच्या पावलांचा आवाजही मी टिपला. मला फार अभिमान वाटला. आणि त्याच दिवसापासून हारुएचं गुणगुणणं थांबलं. "आता यात आहे सगळं," असं म्हणून ती माझ्या झाकणावर थाप मारायची. रिळाच्या डबीवर नाव लिहायचं मात्र राहून गेलं. भातलावणी आली, मग कापणी आली.

पहिल्या बर्फात आजोबा गेले.

वसंतात रेडिओवर सुमो स्पर्धेच्या शेवटच्या दिवसाच्या कुस्त्या होत्या. हारुए माहेरी गेली होती. एइजीने बिननावाचं रीळ माझ्यावर चढवलं, माइक रेडिओपुढे ठेवला आणि लाल बटण दाबलं. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. ज्या फितीवर मी ते गाणं जपलं होतं, तिच्यावरूनच मी ते पुसत गेलो.

ओबोनला पितर घरी येतात. त्या दिवशी शेजारीपाजारी जमले. हारुएने ताटात मोची, म्हणजे तांदळाचे मऊ गोळे, ठेवले, उदबत्ती लावली आणि माझं बटण दाबलं. घरभर कुस्तीच्या आखाड्यातला गलका घुमला.

कुणी हसलं नाही. "मला वाटलं, रीळ कोरं आहे," एइजी पुटपुटला.

हारुए त्याच्यावर ओरडली नाही. "नाव मीच लिहिलं नव्हतं," एवढंच ती म्हणाली.

कुस्त्या संपल्या आणि फितीच्या टोकाला उरलेला आजोबांचा आवाज आला. "सातव्या वळणावर घाई झाली, सूनबाई. उद्या पुन्हा गाऊ या."

एइजी उठून अंगणात गेला.

पुढची दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी तो ट्रक घेऊन डोंगरापलीकडच्या म्हाताऱ्या घोडेवाल्यांकडे जायचा. एकाला पहिली ओळ आठवायची, दुसऱ्याला नुसती चाल. हारुएची तीन आणि त्यांची तीन, अशी सहा कडवी जुळली. चौथं, सातवं आणि आठवं पुन्हा कधीच सापडलं नाही. त्या तीन वळणांवरून काय दिसायचं, हे सांगणारं आता कुणी नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी गावचं गाणं गात असेल, तर ते माझ्यासारख्याच्या हवाली करून मोकळे होऊ नका. त्यांच्या मागे चाला, चुका, पुन्हा विचारा. मला नऊही कडवी एकदा मिळाली होती. पण मी आलो म्हणून त्या घरातल्या एकीने शिकणं सोडलं, आणि ही चूक पुसण्याच्या चुकीपेक्षा मोठी होती.