यातला माझा कोणता?

"हस," मास्तर म्हणाले, आणि लेक हसली.

तेवीस वर्षं ती अशी हुकमावर हसत आली होती. मास्तर दातांच्या कॅपा बनवायचे. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांची लॅब होती आणि लेक तिथेच त्यांच्या हाताखाली काम करायची. कुणी नवा डॉक्टर ओळख करून घ्यायला आला की चहा यायच्या आत ते तिला खिडकीपाशी उभी करायचे. "समोरच्या दातांतला एक माझा आहे. यातला माझा कोणता, ओळखा." भले भले हरायचे. मास्तर खूश व्हायचे आणि लेकीला तोंड मिटायची परवानगी मिळायची.

त्या दिवशी आलेल्या डॉक्टरीणबाईंनी नुकतंच क्लिनिक थाटलं होतं. वयानं लेकीपेक्षा लहान. पापणी लवायच्या आत त्यांनी बोट दाखवलं. "हा. डावीकडचा. बाकीच्यांपेक्षा पांढरा आहे."

"वा! नजर आहे," मास्तर म्हणाले. बाई गेल्या, दार लागलं, आणि ते लेकीकडे वळले.

"दिवसभर चहा ढोसतेस. माझं काम उघडं पाडलंस."

"बाबा, वयानं दात पिवळे होतातच."

"माझा झाला का? चिनीमाती आहे ती. होती तशी आहे. दात नाही बदलला, तू बदललीस." मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, "ऐकलंस का गं? तुझी लेक पिकली. पिकल्या पानाला निदान गळायची अक्कल असते, ही इथेच!"

आतून आई हसली. मास्तरांच्या विनोदाला ती आधी हसायची, ऐकायची मग.

दुपारी नवी कॅप करायला त्यांनी लेकीला पुन्हा खिडकीत बसवलं. रंगांच्या नमुन्यांची पट्टी तिच्या ओठाशी धरून एकेक रंग जुळवू लागले. कोरडा पडलेला दात असतो त्याहून पांढरा दिसतो, म्हणून मधूनमधून म्हणत होते, "मीट. ओला कर. उघड." बाप एरवी तिच्याकडे इतक्या जवळून बघत नसे. त्यांच्या हनुवटीवर दाढीचे चार खुंट राहून गेले होते. सांगावंसं वाटलं, पण तोंड उघडं धरलेलं होतं.

मग त्यांनी कपाटातून तिच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा काढला. त्यात समोरच्या एका दाताच्या जागी खुंट होता. तेवीस वर्षं तो साचा त्यांनी कापसात गुंडाळून जपला होता.

ती सतरा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. नुकती काम शिकायला लागली होती. भट्टीतली कॅप एकदम गार हवेत आणली की तडकते, हे तिला पाठ होतं. पण बाहेर मैत्रीण सायकलची घंटी वाजवत उभी होती आणि तिनं भट्टी दहा मिनिटं आधी उघडली. कॅपेला केसाएवढी चीर गेली. मास्तरांच्या हातात भट्टीचा लांब चिमटा होता. तो त्यांनी खाली ठेवला नाही.

डॉक्टरांना काय सांगायचं ते आईनं रिक्षात शिकवलं. जिन्यावरून पडली. पुढे नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना तेच. घर तळमजल्यावर होतं. कुठला जिना, असं तेवीस वर्षांत एकानंही विचारलं नाही. कॅप मात्र मास्तरांनी अशी बनवली की लोक म्हणायचे, बाप असावा तर असा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पावडर कालवून ब्रशनं थरावर थर चढवले. भाजताना चिनीमाती आकसते, म्हणून दात आधी थोराड करावा लागतो, घोड्याच्या तोंडात शोभेल असा. भट्टी लावली. "हात लावशील तर खबरदार. एकदा शिकलीस ना?" असं म्हणाले, आणि बोलता बोलता स्टुलावरून घसरत खाली आले. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

संध्याकाळी ती लॅबमध्ये आली तेव्हा भट्टी वेळ भरताच आपोआप बंद होऊन केव्हाच गार झाली होती. आत दात होता. कुठे चीर नाही, बुडबुडा नाही. इतका सावकाश गार झालेला दात त्या लॅबमधून आधी कधी निघाला नव्हता. तिनं तो भिंगाखाली धरला. मुळाशी चहाची बारीक तपकिरी रेघ होती आणि टोकाला एक दुधी ठिपका. आरशात पाहिलं तर तिच्या शेजारच्या दातावर नेमकं तेच होतं. तिला स्वतःला ते ठाऊक नव्हतं. हॉस्पिटलात न आलेलं रडू तिला तेव्हा आलं.

पंधरवड्यानंतर आई म्हणाली, "तो दात बसवून घे बाई. त्यांची शेवटची निशाणी. रोज तुझ्या तोंडात राहतील."

"आत्ताही आहेतच की."

"वाकडं बोलू नकोस. गेलेलं माणूस आहे."

लेकीनं स्वतः त्या दातावर चमक आणणारं ग्लेझ चढवलं, शेवटचं भाजलं, आणि भट्टी पूर्ण गार होईपर्यंत समोर बसून राहिली.

डॉक्टरीणबाईंनी जुनी कॅप कापली. दोन तुकडे ट्रेमध्ये पडले. नवी नुसतीच बसवून पाहिली आणि त्या मागे सरकल्या. "आता मलाही ओळखता येणार नाही."

"हात कुणाचा!" आई म्हणाली. मांडीवरची पिशवी तिनं घट्ट धरली होती.

कॅप पुन्हा काढून बाईंनी आतून ॲसिड लावलं. आतली बाजू खरबरीत झाल्याशिवाय सिमेंट धरत नाही. तेवढ्या वेळात त्यांनी केसपेपर ओढला. "मूळचा दात कशानं तुटला होता?"

"जिन्यावरून पडली," आई म्हणाली. "पहिल्यापासून वेंधळी."

बाईंनी लिहिलं, आणि पेन थांबलं. "घरच्या? तुमचं घर तर तळमजल्यावर आहे ना?"

"अहो, ते... जुन्या घरचा जिना."

जुनं घर कधी नव्हतंच. लेक खुर्चीत उठून बसली. दाताच्या जागी खुंट होता. तोंडातून हवा निसटत होती, सतराव्या वर्षी रिक्षात निसटली होती तशीच.

"जिना नव्हता," ती म्हणाली. "बाबांनी मारलं. चिमट्यानं. कॅप तडकली म्हणून."

"अगं, गेलेल्या माणसाबद्दल काय हे..."

"आणि आई, तू दारात होतीस. हातात त्यांचा चहा होता. तू आधी कप टेबलावर ठेवलास, थेंबही न सांडता. मग माझ्याकडे आलीस."