बैल नसलेले नाणे

मित्रांनो, मी कांशाचे एक जुने नाणे आहे आणि जन्मापासून मला पाठच नाही. माझ्या भावंडांच्या एका बाजूला देवीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला शिंगे रोखलेला बैल. माझ्या मात्र एका बाजूला देवी उठून दिसते आणि दुसऱ्या बाजूला तीच देवी आत खचलेली, उलट्या तोंडाची.

चूक थ्रासोनची. सिसिली बेटावरच्या आमच्या बंदरात, टाकसाळीत तो हातोडा चालवायचा. त्याचा मेहुणा सोसिस तापलेली चकती चिमट्याने देवी कोरलेल्या खालच्या ठशावर ठेवी. थ्रासोन बैल कोरलेला वरचा ठसा धरून घाव घाली. प्रत्येक घावानंतर वरचा ठसा उलटा करून बघायचा, असा नियम. माझ्याआधीचे नाणे त्या ठशालाच चिकटून बसले होते. थ्रासोनने पाहिले, पण त्याला दिसले नाही. त्या नाण्यावरची देवी माझ्या पाठीत रुतली.

बाजारात फिरत फिरत मी त्याच्याच बायकोच्या, निकारेतेच्या, दुकानी पोचलो. ती खारवलेले मासे विकायची. तिथे सगळेच सुटी नाणी गालात धरत, तसे तिने मला तोंडात टाकले. जिभेला खड्डा लागला. मला बाहेर काढून तिने नीट पाहिले आणि दुकान आवरून घर गाठले.

"अहो, यावरचा बैल कुठं गेला?"

"झिजला असेल," थ्रासोन म्हणाला.

"झिजलं तर सपाट होतं, खड्डा पडत नाही. टाकसाळवाल्याच्या बायकोला शिकवताय?"

तो मला अंगठ्याने चाचपत राहिला. "मुकादमाला कळलं तर घरी बसवेल गं. कुणाला बोलू नकोस."

"नाही बोलत. पण तुमच्या डोळ्यांना चिकटलेलं नाणं दिसलं नाही. उद्या माझ्या भावाचा हात दिसला नाही तर?"

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच हातोडा मुकादमापुढे ठेवला. मग तो दुकानात मासे विकू लागला. गाल नाण्यांनी भरलेले, त्यामुळे त्याची बडबड कुणाला धड कळायची नाही. टाकसाळीचा ठोका ऐकू आला की मात्र गप्प व्हायचा. मला फार वाईट वाटायचे.

पुढे तो वारला. पैलतीरी नेणाऱ्या नावाड्यासाठी मृताच्या तोंडात नाणे ठेवतात. निकारेतेकडे बैलवाली पुष्कळ होती. तिने मलाच काढले.

"नावाडी घेईल का हे?" शेजारीण म्हणाली.

"न घेऊन सांगतो कुणाला! मी येतेच आहे मागून."

मित्रांनो, बिघडलेली वस्तू भिरकावण्याआधी ती का बिघडली, एवढे तरी बघत जा.

मला थ्रासोनच्या जिभेवर ठेवले ते सोसिसने. त्याची दहाही बोटे शाबूत होती.